वार्ताफलक, वाई : कामाची वही

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

कार्यवाह म्हणाले, "ताई, पैसे मंजूर आहेत, पण काय केलं, कधी केलं आणि किती गेले ते लिहीत जा. वार्षिक सभेत मला उत्तर द्यावं लागतं." म्हणून ही वही. रजिस्टर दुकानातलंच, त्याचे पैसे धरलेले नाहीत. मंजूर रक्कम ३,००० रुपये. काम एकच: वाचनालयाच्या बाहेरचा वार्ताफलक पुन्हा सुरू करायचा.

माझ्यावर हे आलं कारण माझं झेरॉक्सचं दुकान वाचनालयाला लागून आहे, आणि लग्नाआधी दोन वर्षं मी बालवाडीत शिकवायचे, त्यामुळे फळ्यावर ओळ सरळ येते. एवढीच पात्रता.

फलक शोधण्यातच दुपार गेली. रद्दीच्या गठ्ठ्यांमागे भिंतीकडे तोंड करून उभा होता, शिक्षा झालेल्या पोरासारखा. सहा फूट बाय चार फूट, चौकट सागवानी, आतला प्लाय खालच्या कोपऱ्यात फुगलेला. नववीतल्या दोन मुली रोज संध्याकाळी वाचनालयात अभ्यासाला बसतात, त्यांनी उचलू लागलं. (एक उंच, एक चष्मेवाली. वहीत नावं नकोत, तशाच लिहीन.) उजेडात आणला तर धुळीखाली जुन्या खडूची एक ओळ अजून वाचता येत होती: "उद्या सकाळी नळाला पाणी येणार नाही." वर तारीख नाही.

चष्मेवाली म्हणाली, "काकू, कुठला उद्या?"

पहिला नियम तिथेच ठरला. फळ्यावर 'आज', 'उद्या', 'येत्या रविवारी' असलं काही लिहायचं नाही. तारीख आणि वार.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

फुगलेला कोपरा सुताराने कापून नवा तुकडा बसवला, ४५० रुपये. पॉलिश पेपर, फळ्याचा काळा रंग आणि ब्रश, ३८० रुपये. पहिला हात उभा दिला, तो वाळल्यावर दुसरा आडवा. माझ्या शाळेत आम्ही कोळसा कुटून पाल्याच्या रसात कालवायचो आणि त्याने फळा सारवायचो. हात आठवडाभर काळे राहायचे. हे मुलींना कौतुकाने सांगितलं तर उंच म्हणाली, "मग रंग का नाही आणायचा सरांनी?" पैसे नव्हते म्हणून, दुसरं काय.

१० फेब्रुवारी, सोमवार

नव्या रंगावर लगेच लिहायचं नसतं. खडू आडवा धरून आख्खा फळा पांढरा करायचा, मग कोरड्या फडक्याने पुसायचा. नाहीतर पहिल्या दिवसाची अक्षरं कायमची उमटून बसतात. ते झालं. मग ओळी: सुताराकडून निळीचा दोरा आणला, दोघींनी दोन टोकं ताणून धरली, मी मधे उचलून सोडला. टण्ण. एक ओळ. अशा चौदा. पाचव्या ओळीनंतर दोरा सोडायचं काम मुलींनी माझ्याकडून काढून घेतलं.

आजचा मजकूर: बारावीची परीक्षा मंगळवार ११ फेब्रुवारीपासून, तोवर अभ्यासिका रात्री अकरापर्यंत उघडी. आळीतल्या कृष्णाबाईच्या (कृष्णा नदीच्या) उत्सवाच्या कीर्तनाची वेळ. आणि 'सापडलं': सात चाव्यांचा जुडगा, त्यात गोदरेजच्या कपाटाची एक, वाचनालयात चौकशी करावी.

साडेअकराला जुडगा गेला. मालक म्हणाला, तीन दिवस ग्रुपवर टाकतोय, कोणी उत्तरच देत नाही. जुडगा सापडलेल्या मावशींकडे साधा फोन आहे, त्या कुठल्या ग्रुपवर असणार!

दुपारी कोशातले आजोबा आले. विश्वकोशाच्या कार्यालयात आयुष्य काढलेला माणूस, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. काठी वर केली आणि काठीच्या टोकाने फळ्यावरचा एकच शब्द दाखवला. 'परिक्षा.' उंच मुलीने लिहिला होता. ती पुसायला धावली. आजोबा म्हणाले, "पुसू नको गं घाईने. री दीर्घ का, ते आधी सांग." तिला सांगता आलं नाही. मलाही नाही. 'परि' आणि 'ईक्षा', असं म्हणून ते पेपर वाचायला आत गेले.

गंगापुरीतून विश्वकोशाचे खंड निघाले त्या गावात फळा लिहायचा म्हणजे हे सोसायलाच हवं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

खडूचे दोन डबे १२० रुपये, डस्टर ६०. खडू रात्रभर साखरेच्या पाण्यात भिजवून सकाळी लिहिलं की अक्षर ठसठशीत उठतं आणि धूळ पडत नाही. मुंग्या मात्र येतात. दुपारी 'निधन वार्ता'वर मुंग्यांची रांग लागलेली बघून कसंतरीच झालं. साखर कमी केली.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

दहावी सुरू. फळ्यावर फक्त केंद्रांकडे जाणाऱ्या रस्त्यांवरची खोदाई कुठे आहे ते लिहिलं. पालकांनी हीच ओळ सगळ्यात जास्त वाचली. कोणीतरी खाली बोटाने 'ऑल द बेस्ट' काढून गेलं, तसंच ठेवलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

मराठी भाषा गौरव दिन, आणि ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाल्यानंतरचा पहिलाच. सकाळपासून तीन ठिकाणांहून निरोप: कविता लिहा, सुविचार लिहा, कमळ काढा. फळ्याला चौदाच ओळी आहेत. मी चार ओळी दिल्या आणि कमळाला नाही म्हटलं.

त्या चार ओळींत काय लिहावं म्हणून आजोबांना विचारलं. वाटलं होतं एखादा श्लोक सांगतील. त्यांनी सांगितलं: विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला, प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, आणि हे काम मुंबई-पुण्यात न होता वाईत झालं. बस. मी 'थोर', 'ऋषितुल्य' असं काही घालू लागले तर म्हणाले, "नोंदीत विशेषण आलं की समजायचं, माहिती कमी पडली." हे वाक्य फळ्यावर न लिहिता दुकानात बिलबुकाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवलंय.

तेव्हापासून आणखी एक शब्द बंद: 'संपन्न'. कीर्तन संपन्न होणार नाही, कीर्तन होणार. संपन्न माणसं असतात, त्यांचे फ्लेक्स वेगळे लागतात.

६ मार्च, गुरुवार

त्यावरून आठवलं. दोन तरुण गाडीवरून आले. दादांचा वाढदिवस आहे, फळ्यावर शुभेच्छा पाहिजेत, वरच्या दोन ओळी, रंगीत खडू आम्ही देतो. मी म्हटलं, फळ्यावर वाढदिवस लिहीत नाही, कोणाचाच नाही. "ताई, पण हे दादा आहेत." म्हटलं, माझ्या नातवाचाही नाही लिहिला. (मला नातू नाही. मुलगा अजून अकरावीत आहे. पण वेळ मारून नेली.) कार्यवाह दिवसभर जरा गप्प गप्प होते. संध्याकाळी चौकात फ्लेक्स लागला, वीस फुटी. त्याच्यापुढे माझ्या दोन ओळींनी काय फरक पडणार होता.

वाढदिवसाच्या मोबदल्यात ते रक्तदान शिबिराची बातमी द्यायला तयार झाले. ती घेतली. तारीख, वेळ, जागा. दादांचं नाव नाही.

१४ मार्च, शुक्रवार

काल होळी. बावधनला रात्री भैरवनाथाच्या देवळात कौल लागतो आणि यंदाचा बगाड्या, म्हणजे रंगपंचमीला बगाडावर (बैल ओढतात त्या लाकडी गाड्यावर) टांगला जाणारा माणूस, ठरतो. रात्री एकपर्यंत माझ्या फोनवर दोन वेगळी नावं आली. दोन्ही ग्रुपांवर हार घातलेले फोटो होते आणि दोन्ही फोटो आधीच्या वर्षांचे निघाले.

सकाळी फळा रिकामा. सात वाजल्यापासून माणसं येऊन विचारताहेत, लिहिलं का नाही? म्हटलं, बावधनहून दोघांनी सांगितलं की लिहिते. दूध घालायला येणारे भाऊ तिकडचेच. पावणेआठला त्यांनी सांगितलं, आठ वाजता एका बाईंनी फोनवर तेच नाव सांगितलं. आठ पाचला लिहिलं. आमची बातमी गावात सगळ्यात शेवटी आली, आणि बरोबर आली. उंच मुलीला हे फार लागलं. तिला सगळ्यांच्या आधी लिहायचं होतं.

दुसरा नियम यातून आला: दोन ठिकाणी विचारल्याशिवाय नाही. (पुढे हा मीच मोडला, ते २५ तारखेला आहे.)

१९ मार्च, बुधवार

रंगपंचमी, बगाड. दुकान बंद ठेवून गेले. कृष्णेच्या काठी सोनेश्वरापासून बावधनपर्यंत बैल बगाड ओढतात, शेतातून, आणि शिडाला टांगलेला बगाड्या वर. खालून बघताना त्याचे पायच आधी दिसतात. बैलांच्या जोड्या बदलायला थांबले की आख्खं रान श्वास धरून उभं. धुळीने केस पांढरे होऊन आले.

फळ्यासाठी उपयोगाचं काम आदल्या दिवशीच केलं होतं: वाई-सातारा रस्त्याची वाहतूक कुठून वळवली आहे, ते बाणांसकट. लोकांनी नकाशासारखे फोटो काढले. वर्णन काहीच लिहिलं नाही. जे गेले त्यांनी पाहिलं, आणि जे गेले नाहीत त्यांना सहा ओळींत काय सांगणार.

२५ मार्च, मंगळवार

चूक माझी. सविस्तर लिहिते.

२२ तारखेला रात्री दहाला फोन आला. आळीतले एक गृहस्थ १५ तारखेला गेले होते, त्यांच्या दशक्रियेची वेळ आणि घाट सांगायला. वाईत सात घाट: गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड. फोनवर मागे भांड्यांचा आवाज, मी अर्धी झोपेत. घाटाचं नाव ऐकलं एक, लिहिलं दुसरं. सकाळी दुकानात फॉर्म भरणाऱ्यांची गर्दी होती म्हणून दुसऱ्या कोणाला विचारलं नाही. फळ्यावर लिहिलं, सुवाच्य, तारीख-वारासकट.

काल सकाळी घरचे एका घाटावर आणि फळा वाचून आलेली दहा-बारा माणसं दुसऱ्या घाटावर. बाकीचे विचारत विचारत पोहोचले. एक आजोबा मात्र तिथेच बसून राहिले, गेलेल्या माणसाचे शाळेपासूनचे मित्र. मोबाइल नाही. त्यांना वाटलं लोक यायचेत अजून. ते पोहोचले तेव्हा पिंडाला कावळा शिवून गेला होता आणि मंडळी चपला घालत होती.

गेलेल्या गृहस्थांचा मुलगा दुपारी दुकानात आला. मी उभी राहिले. तो चढ्या आवाजात बोलला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "काकू, ते दिसले नाहीत म्हणून मला वाटलं, येणारच नाहीत. बाबांचं आणि त्यांचं मागे जरा वाजलं होतं. मला मनात रागच आला त्यांचा." मग दोन पानांची झेरॉक्स काढली, पैसे दिले, मी घेत नव्हते तरी ठेवून गेला.

संध्याकाळी त्या आजोबांच्या घरी जाऊन आले. त्यांनी चहा दिला. घाटाबद्दल एक शब्द नाही, मी काढला तेव्हा म्हणाले, "अक्षर छान आहे हो तुमचं."

२६ मार्च, बुधवार

लाल खडूची पेटी, ९० रुपये. कालची ओळ पुसली नाही. घाटाच्या चुकीच्या नावावर लाल रेघ मारली, वर बरोबर नाव लिहिलं, आणि खाली: 'ही चूक फलक लिहिणारीची. घरच्यांनी बरोबर सांगितलं होतं.'

कार्यवाहांना पटलं नाही. "ताई, विधी होऊन गेला. आता दुरुस्त करून कोणाला उपयोग? उगाच वाचनालयाची शोभा." मी म्हटलं, लोक अजून म्हणताहेत की घरच्यांनीच गोंधळ घातला. ते मिटवायला उपयोग. ग्रुपवर चुकीचं पडलं की माणूस डिलीट करतो आणि पाच मिनिटांत त्याने ते कधी लिहिलंच नव्हतं असं होतं. फळ्याला तेवढी सोय नसावी. बराच वेळ झाला. शेवटी दोन दिवस ठेवायचं ठरलं. तेवढे पुरे.

तेव्हापासून उजव्या कोपऱ्यात खाली चौकट आखली आहे, 'दुरुस्ती'. चूक असो नसो, चौकट राहणार.

३० मार्च, रविवार

गुढीपाडवा. चौकटीवर आंब्याची पानं. 'दुरुस्ती'मध्ये एसटीची एक वेळ, बसस्थानकावरच्या हमालदादांनी येऊन सांगितलेली. मी पेपरातून घेतली होती, ती जुनी निघाली. आता लोक आल्या आल्या आधी तीच चौकट वाचतात, मग वरचं. चष्मेवाली म्हणते, क्रिकेटच्या स्कोअरसारखं झालंय.

१७ एप्रिल, गुरुवार

ऊन. खडू हाताला चटका लावतो, इतका फळा तापतो. दुपारी कोणी थांबत नाही, म्हणून लिहिण्याची वेळ सकाळी सातऐवजी सव्वासहा केली.

शेतकरी मंडळी हळदीचा भाव लिहा म्हणतात. तीन दिवस लिहिला, तिन्ही दिवस कोणी ना कोणी म्हणालं, "मला एवढा नाही मिळाला." बरोबर आहे त्यांचं. मालामालात फरक असतो आणि फळ्यावर एकच आकडा बसतो. कमीत कमी आणि जास्तीत जास्त असे दोन लिहून पाहिले, तर सगळ्यांनी जास्तीचाच वाचला. सध्या बंद.

धोम धरणाचा साठा मात्र चालू. पेपरात 'टीएमसी' येतं आणि सगळे मान डोलावतात. उंच मुलीने सरळ विचारलं, टीएमसी म्हणजे किती? मग दोन दिवस तेच काम. एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, साधारण २,८३२ कोटी लिटर. धोमची क्षमता १३.५० टीएमसी. शून्यं मोजतानाच दोघी दमल्या. क्युसेक सोपं निघालं: सेकंदाला एक घनफूट, म्हणजे २८ लिटर आणि वर थोडं. दुकानामागच्या नळाखाली दोन बादल्या ठेवल्या, प्रत्येकी चौदा लिटरची खूण केली, आणि दोन्ही भरायला किती वेळ लागतो तो फोनवर मोजला. अडीच मिनिटं. मग फळ्यावर लिहिलं:

'१ क्युसेक = एका सेकंदात या दोन बादल्या. धरणातून १,००० क्युसेक सोडले म्हणजे एका सेकंदात अशा २,००० बादल्या.'

बादल्या दिवसभर फळ्याखाली ठेवल्या होत्या. संध्याकाळी एक कोणीतरी नेली.

१८ एप्रिल, शुक्रवार

'हरवलं' या सदरात बादली, निळी, चौदा लिटरवर पांढरी खूण. दुपारपर्यंत पायरीवर परत आली. आत दोन लिंबं होती.

५ मे, सोमवार

बारावीचा निकाल. राज्याचा ९१.८८ टक्के, तेवढा लिहिला. दुकानात दुपारी एकपासून रांग. कोचिंगवाले दोघं गुणवंतांच्या याद्या घेऊन आले, पहिली पाच नावं लिहा म्हणाले. वेळच नव्हता, म्हणून आज नाही म्हटलं.

वसंत व्याख्यानमाला चालू आहे. शंभरी ओलांडलेली गोष्ट आहे ती, तिला फळ्याची काय गरज. तरी रोज वक्ता आणि विषय लिहिते, कारण आजोबा विषय वाचून ठरवतात की काठी घेऊन जायचं की नाही. आज गेले नाहीत. विषयात 'संपन्नता' होतं.

८ मे, गुरुवार

काल पहाटे ऑपरेशन सिंदूर झालं, तेव्हापासून सगळं वातावरणच वेगळं. पेपर साडेसातला संपले, लोक वाचनालयात उभ्याने वाचत होते. संध्याकाळी ग्रुपवर एक मेसेज: आज रात्री आठ वाजता वाईत ब्लॅकआउट, दिवे लावल्यास कारवाई. खाली कोणाची सही नाही. शेजारच्या काकूंनी देवापुढचा दिवासुद्धा मालवून ठेवला. आजारी सासऱ्यांचं ऑक्सिजनचं मशीन विजेवर चालतं, ते कसं करायचं म्हणून एकजण घाबरून दुकानात आला.

पेपर काढून पाहिला. नागरी संरक्षणाच्या सरावासाठी (मॉक ड्रिल) राज्यातल्या १६ ठिकाणांची यादी आली होती, त्यात सातारा जिल्हा नाही. तरी दोन ठिकाणी फोन करून खात्री केली. सात वीसला लिहिलं, मोठ्या अक्षरात, वरच्या सहा ओळी घेऊन:

'बुधवार ७ मे २०२५, सायं. ७.२०. वाईत आज रात्री ब्लॅकआउटचा आदेश नाही. वीज बंद करण्याची गरज नाही. बदल झाल्यास इथेच लिहू.'

मग गंमत झाली. लोकांनी फळ्याचा फोटो काढला आणि त्याच ग्रुपांवर टाकला. रात्री मला माझाच फळा चार ठिकाणांहून आला. मी साडेदहापर्यंत पायरीवर बसून होते, बदल झाला तर लिहायला माणूस हवा म्हणून. उंच मुलीचे वडील तिला न्यायला आले आणि तेही बसले.

१२ मे, सोमवार

तो फोटो आज पुन्हा फिरतोय, 'ताजी बातमी' म्हणून. एकजण विचारायला आला आणि स्वतःच म्हणाला, "अरे, सात तारखेचा आहे की." चष्मेवालीने माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही.

१३ मे, मंगळवार

दहावीचा निकाल, राज्याचा ९४.१० टक्के. दुपारी निकाल लागताच याद्या आल्या, यावेळी पेढ्यांसकट.

नावं लिहायची की नाही, यावर मुलींशीच बोलले. पुढच्या वर्षी त्या दोघी यातून जाणार. उंच म्हणाली, लिहा, मेहनत केलेली असते. चष्मेवाली बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "काकू, जो नापास होईल तो फळ्यासमोर उभा राहून काय वाचेल?"

तिला डोळ्यांसमोर कोण होतं ते मला माहीत होतं. तिचा चुलतभाऊ दुपारी दुकानात येऊन निकालाची प्रिंट काढून गेला, दोन विषय राहिलेत. प्रिंटची घडी घालून घडी घालून त्याने पुडीएवढी केली होती.

फळ्यावर गेलं ते असं: निकाल लागला. जे पास झाले त्यांचं अभिनंदन, गुणपत्रिका शाळेत मिळतील. ज्यांचे विषय राहिले त्यांची पुरवणी परीक्षा जून-जुलैतच आहे, वर्ष वाया जात नाही, अर्ज शाळेमार्फत भरायचा. अभ्यासिका चालू आहे, फी नाही. 'फी नाही' हे कार्यवाहांना न विचारता लिहिलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं, आणि "बघतो समितीत" म्हणून गेले.

पेढे आम्ही तिघींनी खाल्ले.

२२ मे, गुरुवार

वळीव म्हणावा तर रोजच येतोय. दुपारी चारला आभाळ पसरणी घाटाकडून काळं होतं आणि साडेचारला फळा धुतलेला. सव्वासहाला लिहिलेलं संध्याकाळी वाचायला कोणाला मिळतच नाही. वर पत्र्याचं छप्पर करून घेतलं, वेल्डिंगसकट १,४०० रुपये. वेल्डर म्हणाला, दोन फूट पुढे काढतो. दीड फूटच निघालं.

२७ मे, मंगळवार

यंदा मान्सून २५ तारखेलाच महाराष्ट्रात आला आणि काल मुंबईत. मे महिन्यात. आजोबांना विचारलं, असं आधी पाहिलंय का? म्हणाले, "पाहिलेलं आठवत नाही आणि आठवतं ते पाहिलेलंच असेल असं नाही." कोशात आयुष्य गेलेल्या माणसाकडून सरळ उत्तर मिळणं कठीण.

पाऊस तिरका आला की छपराचा उपयोग नाही. खालच्या पाच ओळी वाहून जातात. 'दुरुस्ती'ची चौकट तिथेच आहे, म्हणजे रोज रात्री आमच्या चुका आपोआप माफ होतात. हे बरं नाही. चौकट वर डाव्या हाताला हलवली.

११ जून, बुधवार

काल वटपौर्णिमा. वडाच्या फांद्या तोडून विकायला बसू नये, असं लिहा म्हणून एक बाई परवा सांगून गेल्या. मी लिहिलं: 'वडाची झाडं कुठे आहेत', आणि चालत जाता येतील अशा चार जागा दिल्या. एका जागी झाड नव्हतंच, मागच्या वर्षी रस्त्याला गेलं होतं. दुरुस्तीत घातलं.

पावसाळ्याची चौकट आजपासून पक्की केली, पांढऱ्या ऑइलपेंटने, म्हणजे रोज आखायला नको: धोम साठा (टीएमसी), विसर्ग (क्युसेक), कधीची माहिती. धरणातून विसर्ग वाढला की घाटावर पाणी चढतं. ज्यांची दुकानं खाली आहेत त्यांना आकड्यापेक्षा वेळ महत्त्वाची, म्हणून 'कधीची' हा रकाना सगळ्यात मोठा. उंच मुलीने बाजूला ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत काढली आहे, माशाच्या तोंडासारखी, पुराचं पाणी दोन बाजूंना कापायला बांधलेली. १७६२ सालचं देऊळ, सरदार रास्त्यांनी बांधलेलं. तिने विचारलं, पाणी तिथपर्यंत आलं की फळ्यावर काय लिहायचं? म्हटलं, तेव्हा फळा उचलून आत न्यायचा. भिंतीकडे तोंड करून नाही.

हिशेब: सुतार ४५०, रंग आणि साहित्य ३८०, पांढरा खडू १२०, डस्टर ६०, लाल खडू ९०, छप्पर १,४००. एकूण २,५००. ऑइलपेंट घरचा होता. शिल्लक ५००. त्यातून छपराच्या कडेला फटीत भरायला सीलंट आणायचं आहे.

१२ जूनचा मजकूर कच्चा: शाळा सोमवार १६ जूनपासून. जुनी पाठ्यपुस्तकं देणाऱ्यांनी वाचनालयात द्यावीत, पानं फाटलेली चालतील, उत्तरं लिहिलेली नकोत. सापडलं: लहान मुलाची एक चप्पल, डावी, बसस्थानकाजवळ. अभ्यासिकेची फी समितीने माफ केली, पुरवणी परीक्षेपर्यंत. (हे कार्यवाहांनी सांगितलं. दुसऱ्या कोणाला तरी सकाळी विचारायचं आहे.)